एकशे चाळीस लोखंडी कॅन: डिचोलीतल्या एका खरेदीचे प्रकरण

हे प्रकरण उत्तर गोव्यातल्या एका हार्डवेअर दुकानदाराचे आहे. ओळख पटू नये म्हणून नावे गाळली आहेत आणि आकडे थोडे बदलले आहेत, पण हिशेबाचे प्रमाण तेच ठेवले आहे. लष्करी धाटणीचे वीस लिटरचे लोखंडी कॅन विकत घेऊन विकणाऱ्यांना, आणि ते घेऊन त्यात पेट्रोल भरणाऱ्यांनाही, यातले तपशील उपयोगी पडतील.

पार्श्वभूमी

दुकान डिचोली भागातले. २०१८ मध्ये खाणकाम थांबले आणि ट्रकांचे गिऱ्हाईक गेले. मालकाने हळूहळू जनरेटरचे सुटे भाग, पाण्याचे पंप, दोर आणि होड्यांना लागणारे सामान ठेवायला सुरुवात केली. लोखंडी कॅनची मागणी तीन बाजूंनी यायची. शापोरा आणि पेडण्याच्या किनाऱ्यावरचे आउटबोर्ड इंजिनवाले होडीमालक मागायचे. पावसात वीज गेली की जनरेटर चालवणारे मागायचे. चोर्ला घाटाकडे जीप घेऊन जाणारेही अधूनमधून विचारायचे. प्लॅस्टिकचा कॅन उन्हात वर्षा-दोन वर्षांत ठिसूळ होतो, म्हणून ज्याने एकदा लोखंडी वापरला तो परत लोखंडीच मागतो.

या कॅनची रचना जर्मन सैन्यासाठी १९३७ च्या सुमारास झाली. मूठ एक नाही, तीन आहेत. त्यामुळे एका हातात दोन रिकामे कॅन धरता येतात आणि भरलेला कॅन दोघांना मिळून उचलता येतो. पत्रा दोन अर्ध्या कवचांत दाबून बनवतात आणि मधला सांधा आत खोलवर वेल्ड करतात, म्हणजे कॅन आपटला तरी सांध्याला थेट मार बसत नाही. बाजूंवरची फुलीसारखी खोलगट नक्षी पत्र्याला ताठपणा देते आणि उष्णतेने इंधन फुगले की थोडी जागाही देते. तोंडाशी एक बारीक हवेची नळी असते, तिच्यामुळे ओतताना धार डचमळत नाही. झाकण फिरकीचे नसते, खटक्याचे असते. १९३९ मध्ये पॉल प्लाइस नावाचा अमेरिकन इंजिनियर एका जर्मन सहकाऱ्याबरोबर बर्लिनहून मोटारीने कोलकात्याला आला, तेव्हा गाडीत असे तीन कॅन होते. जर्मनीबाहेर या रचनेची ओळख होण्याची सुरुवात त्या प्रवासाशी जोडली जाते. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिशांचे पातळ पत्र्याचे डबे गळून इंधन वाया गेले आणि मग त्यांनीही हीच रचना उचलली.

चांगला रिकामा कॅन साधारण चार किलोचा असतो. पेट्रोलने भरला की एकोणीस किलोच्या आसपास जातो. हे चार किलो पुढे महत्त्वाचे ठरतात.

खरेदी

जूनच्या शेवटच्या आठवड्यात बेळगावच्या बाजूच्या एका भंगार व्यापाऱ्याने १४० कॅन देऊ केले. भाव नगाला ६५० रुपये, टेंपोभाडे वेगळे. एकूण ९७,००० रुपये पडले. दुकानदाराने वर ठेवलेले पाच-सहा कॅन उघडून पाहिले. ते चांगले होते, म्हणून सौदा केला.

घाईला कारण होते. गोव्यात यांत्रिक मासेमारीवरची बंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते. त्या दोन महिन्यांत होड्यांची डागडुजी होते आणि जुलैमध्येच सामान विकत घेतले जाते. ऑगस्ट उजाडला की होडी पाण्यात, मग कॅनकडे कोण बघतो? म्हणून माल आल्या आल्या त्याने एका रंगाऱ्याकडून सगळ्या १४० कॅनना हिरवा स्प्रे मारून घेतला. खर्च ५,६०० रुपये. विक्रीचा भाव १,६०० ठेवला आणि दुकानाबाहेर पाटी लावली: ‘ओरिजिनल आर्मी कॅन, सरकारमान्य’.

पुढचे सगळे याच आठवड्यातून निघाले. तपासणीआधी रंग मारला गेला. रंगाने तळाची बारीक भोके झाकली गेली. झाकणे उघडी ठेवून स्प्रे मारल्यामुळे रंग तोंडात गेला, गॅस्केटवर (झाकणातल्या रबरी कड्यावर) बसला आणि काही कॅनच्या हवेच्या नळीत भरला.

अडचण कशी समोर आली

तीन आठवड्यांत ३१ कॅन गेले आणि जुलै संपण्याआधीच सात परत आले.

सर्वात गंभीर तक्रार शापोऱ्याच्या एका होडीमालकाची होती. इंजिन तपासायला तो होडी घेऊन निघाला आणि नदीच्या मुखापाशी, जिथे रेतीच्या पट्ट्यावर लाटा फुटतात तिथे, इंजिन बंद पडले. दुसऱ्या होडीने ओढून आणले म्हणून निभावले. फिल्टर उघडला तर आत तांबडे-तपकिरी कपचे आणि हिरवट चिकट गाळ. तो दुकानात येऊन एवढेच म्हणाला, “भाऊ, कॅन परत घ्या, पैशांचे नंतर बघू. पण हे दुसऱ्या कोणाला देऊ नका.” दुकानदाराने पुढे जे केले त्यामागे हे वाक्य होते, असे त्याने स्वतः सांगितले.

दोन जीपवाल्यांचे कॅन झाकणातून पाझरत होते. तिघांचे तळातून ओलावत होते. सातव्याचा कॅन ओतताना इतका डचमळत होता की अर्धे पेट्रोल जमिनीवर गेले.

नेमके काय बिघडले होते

गळतीचे पहिले कारण गॅस्केट. बहुतेक कॅनमध्ये जुनेच रबर होते, कडक झालेले आणि कडेला तडे गेलेले. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. साधे किंवा जुने रबर त्यात फुगते, वेडेवाकडे होते आणि खटका बसूनही फट राहते.

दुसरे कारण आतले अस्तर. जुन्या कॅनच्या आत गंजरोधक रंगाचा थर असतो. तो जुन्या पेट्रोलमध्ये वर्षानुवर्षे टिकलेला असला तरी इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये मऊ पडून कपच्यांनी सुटू शकतो. नवा स्प्रे तर पेट्रोलमध्ये विरघळतोच. होडीच्या फिल्टरमध्ये हे दोन्ही सापडले.

तिसरे कारण गोव्याची हवा. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. अर्धा भरलेला कॅन पावसाळ्यात महिना-दीड महिना ठेवला, झाकण नीट बसत नसेल, तर पाण्याचे प्रमाण वाढत जाते. एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. गंज वरून दिसत नाही, तळच्या सांध्यात लागतो, तो इथूनच. किनारपट्टीवरच्या कॅनचा तळ आधी जातो, आणि तिथेच हा माल बघायला हवा होता.

चौथी गोष्ट उशिरा कळली: सगळे कॅन एका जातीचे नव्हते. जुने जाड पत्र्याचे होते, त्यांत पातळ पत्र्याच्या बाजारी नकला मिसळल्या होत्या आणि काहींना औषधफवारणीचा वास येत होता.

समोरचे पर्याय

पहिला विचार तक्रार आली की कॅन बदलून देण्याचा होता. दिसायला स्वस्त, पण बदलून दिलेला कॅनही त्याच ढिगातला. आणि गळका पेट्रोलचा कॅन लोकांच्या घरात, जनरेटरशेजारी पडलेला असताना तक्रारीची वाट बघणे योग्य नव्हते.

दुसरा, माल परत पाठवणे. व्यापाऱ्याच्या बिलावर ‘लोखंडी भंगार, ५६० किलो, जसे आहे तसे’ एवढेच लिहिले होते. नगाचा उल्लेख नाही, इंधनासाठी योग्य असल्याचा तर नाहीच. हा दरवाजा खरेदीच्या दिवशीच बंद झाला होता.

तिसरा पर्याय कामगाराने सुचवला: “पात्रांव (मालक), भोके वेल्ड करून घेऊया.” हा सर्वात धोक्याचा होता. रिकाम्या कॅनमध्ये उरलेली पेट्रोलची वाफ भरलेल्या कॅनपेक्षा सहज स्फोट घडवते. पेट्रोलियम नियमांप्रमाणे ज्या भांड्यात पेट्रोल होते ते वाफमुक्त केल्याशिवाय दुरुस्तीला घेता येत नाही. सगळे नीट धुऊन वेल्ड केले तरी उष्णतेने आतले अस्तर जळते आणि सहा महिन्यांत शेजारीच नवे भोक पडते. हा पर्याय सोडला ते बरे झाले.

चौथा, सगळे भंगारात घालणे. त्या वेळच्या किलोला ३० रुपये भावाने एका कॅनचे १२० रुपये. सुरक्षित, पण चांगले कॅनही वाया जाणार.

उरला पाचवा: विकलेले परत बोलवायचे, सगळे तपासायचे, आणि जे जसे आहे तसे सांगून विकायचे. निर्णय घ्यायला त्याने आठ दिवस लावले. त्या आठ दिवसांत विक्री मात्र पहिल्याच दिवशी थांबवली होती, आणि ते महत्त्वाचे होते.

काय केले

३१ पैकी २२ कॅन परत मिळाले. त्यांचे पैसे पूर्ण परत केले आणि होडीमालकाच्या कार्बोरेटर सफाईचे २,२०० रुपये भरले. उरलेले नऊ रोखीने, बिलाशिवाय गेले होते.

परत आलेले आणि दुकानातले मिळून १३१ कॅन तपासायला घेतले. क्रम असा ठेवला:

आधी वास आणि धुणी. कॅन उघड्या शेडमध्ये, चुलीपासून, वेल्डिंगपासून आणि विजेच्या बटणांपासून लांब. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत लांब जाते, म्हणून बंद खोली वापरली नाही. प्रत्येक कॅनमध्ये दोन लिटर कोमट पाणी आणि भांडी घासायचा साबण घालून हलवले, मग तोंडापर्यंत पाण्याने भरून ओतले, आणि हे दोनदा केले. ज्यांना कीटकनाशकाचा किंवा ओळखू न येणाऱ्या रसायनाचा वास होता ते पाच कॅन तिथेच बाजूला काढले. धुण्याआधी आत मोबाइलचा दिवा किंवा कॅमेरा घालू नये, हे कामगारांना वेगळे सांगावे लागले.

मग वजन. साध्या तराजूवर. ३.३ किलोच्या खाली भरलेले आठ निघाले, सगळे पातळ पत्र्याच्या नकला, आणि आठांचेही सांधे नंतर फसले. हा तराजू खरेदीच्या दिवशी सोबत असता तर हे आठ कॅन ढिगातच राहिले असते.

मग गळती. पाणी भरून, खटका लावून, कॅन उलटा करून कोऱ्या पुठ्ठ्यावर तासभर ठेवला. पुठ्ठा ओला झाला तर झाकण गळते. जे पास झाले त्यांची हवेने चाचणी. एका टाकाऊ झाकणाला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला आणि सायकलच्या पंपाने, दाबमापक लावून, ०.२ बारपर्यंतच हवा भरली. धोकादायक मालाच्या डब्यांच्या आंतरराष्ट्रीय गळती चाचणीत पेट्रोलसाठी हाच दाब, २० किलोपास्कल, धरतात. कॉम्प्रेसर थेट लावू नये, कारण कॅनच्या सपाट बाजू क्षणात फुगतात आणि सांधा फाटतो. सांध्यावर साबणाचा फेस लावला. बुडबुडे जवळजवळ नेहमी तळच्या सांध्याच्या कोपऱ्यात आले. असे १९ कॅन होते आणि त्यांपैकी बहुतेकांवर नवा रंग अगदी चकाचक होता.

मग आतला गंज. वरवरचा तांबडेपणा असलेल्या कॅनमध्ये किलोभर जुने नट आणि तुकडा साखळी घालून हलवले, मग पाच टक्के सायट्रिक आम्लाचे पाणी रात्रभर ठेवले. संडास साफ करायचे आम्ल वापरू नये, ते सांध्यात शिरून राहते आणि नंतरही पत्रा खात बसते. ओतल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने, मग साध्या पाण्याने धुऊन लगेच वाळवले. ‘लगेच’ म्हणजे तासाभरात. ऑगस्टच्या हवेत ओला उघडा पत्रा दुपारपर्यंत पुन्हा तांबडा होतो. हे पहिल्या दिवशी सहा कॅनच्या बाबतीत झालेच आणि ते काम परत करावे लागले. त्यानंतर हेअर ड्रायर लावून, शेवटी अर्धा कप डिझेल आत फिरवून झाकण बंद केले.

हवेच्या नळ्या बारीक तारेने मोकळ्या केल्या. खटक्याची पिन आणि कॅम (झाकण दाबून धरणारा भाग) तपासले: नवे गॅस्केट घातल्यावर खटका अंगठ्याच्या जोराने बसला पाहिजे. एका बोटाने बसत असेल तर कॅम झिजला आहे आणि रबर दाबलेच जात नाही.

गॅस्केट नायट्राइल रबराचे घेतले, नगाला ६० रुपये. इथेनॉलला व्हिटॉन जातीचे रबर जास्त टिकते, पण त्याचा भाव दुपटीहून अधिक होता. नायट्राइल द्यायचे आणि वर्षाने बदलायचे, असे ठरले. हा तडजोडीचा निर्णय आहे. होडीवाल्यांना तरी व्हिटॉनचा पर्याय सांगायला हवा होता, असे आमचे मत आहे.

न चालणाऱ्या कॅनचे काय करायचे

४१ कॅन असे उरले जे गळत नव्हते, पण आतले अस्तर सुटत होते किंवा खटका झिजला होता. ‘इंधनासाठी नाही’ असे लिहून ९०० ला विकायचे, असा पहिला बेत होता. मग प्रश्न आला: वर्षभराने चिठ्ठी गेल्यावर त्यात पेट्रोल भरणार नाही कशावरून? पाण्यासाठी म्हणून विकणे तर त्याहून वाईट, कारण पेट्रोल राहिलेला कॅन पिण्याच्या पाण्याला कधीच चालत नाही.

शेवटी प्रत्येक कॅन धुऊन, पाण्याने भरून, वरच्या भागात हातड्रिलने दहा मिलिमीटरचे भोक पाडले. आता त्यात इंधन भरून ठेवता येणार नाही. मोरजी-मांद्रेच्या बाजूच्या शॅक आणि गेस्टहाऊसवाल्यांनी ते सजावटीला, छोटे कपाट करायला घेतले, ७०० ला. नगामागे २०० रुपये सोडले गेले. या प्रकरणातला हा सर्वात चांगला निर्णय होता.

पाटी आणि कागद

‘सरकारमान्य’ ही पाटी उतरवावी लागली. पेट्रोलच्या एक लिटरहून मोठ्या डब्यांचा प्रकार मुख्य विस्फोटक नियंत्रकांकडून, म्हणजे नागपूरच्या पेसो या सरकारी संस्थेकडून, मान्य असावा लागतो. भंगारातून आलेल्या जुन्या कॅनबद्दल असा दावा करायला दुकानाकडे कोणताच कागद नव्हता.

‘ओरिजिनल आर्मी’चेही तेच. काही कॅनवर लष्करी मालावर असते तशी बाणाची खूण होती. लष्करी माल लिलावातून रीतसर बाहेर येतो, तसा चोरूनही येतो, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. दुकानदाराने व्यापाऱ्याकडे लिलावाच्या डिलिव्हरी ऑर्डरची, म्हणजे माल ताब्यात देण्याच्या कागदाची, प्रत मागितली. तीन आठवड्यांनी ८० नगांची मिळाली. बाकीचे लष्करी हा शब्द न वापरता विकले. प्रत खरेदीच्या दिवशी मागितली असती तर हे दडपण आलेच नसते.

प्रत्येक कॅनसोबत आता एक चिठ्ठी जाते. तिच्यात हे असते: पेट्रोलियम कायदा १९३४ च्या कलम ८ प्रमाणे, विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय एकूण ३० लिटरपर्यंतच ठेवता येते, आणि धातूचे भांडे २५ लिटरहून मोठे चालत नाही. म्हणजे वीसचा एक कॅन भरलेला चालतो, दोन भरले की चाळीस होतात आणि मर्यादा ओलांडली जाते. डिझेलची मर्यादा खूप मोठी आहे, २,५०० लिटर. कॅन मानेपर्यंत भरू नये, किमान पाच टक्के जागा सोडावी. भरताना कॅन गाडीतून उतरवून जमिनीवर ठेवावा आणि नोझल तोंडाला टेकलेले असावे, कारण प्लॅस्टिकच्या मॅटवर ठेवलेल्या लोखंडी कॅनमध्ये साठलेली स्थिर वीज ठिणगी टाकू शकते. कॅन उभाच बांधावा, जीपच्या टपावर आडवा नाही. पावसाळ्यात पेट्रोल महिन्याच्या आत वापरून टाकावे.

निकाल

१३१ पैकी ५८ इंधनासाठी पास झाले आणि नव्या गॅस्केटसह १,९०० ला गेले. ४१ सजावटीला गेले. ३२ भंगारात: १९ तळ गळके, ८ पातळ, ५ रसायनाचे, आणि हे पाच चेपूनच दिले. शेवटचा कॅन विकायला सात महिने लागले.

जमा: परत न आलेले नऊ १४,४००, इंधनाचे १,१०,२००, सजावटीचे २८,७००, भंगार ३,८४०. एकूण १,५७,१४०. खर्च: खरेदी आणि भाडे ९७,०००, रंग ५,६००, गॅस्केट ३,४८०, आम्ल वगैरे २,५००, दोन माणसांची नऊ दिवसांची मजुरी १२,६००, कार्बोरेटर २,२००. एकूण १,२३,३८०. हातात ३३,७६० उरले. सुरुवातीचा अंदाज १,२१,४०० चा होता.

वेगळे काय करता आले असते

सौद्याआधी दहा कॅन ढिगाच्या तळातून, आपल्या हाताने काढून घ्यायला हवे होते. वर ठेवलेले नेहमीच चांगले असतात. तराजू, पाण्याची बादली आणि एक तास, एवढ्यावर निम्मा माल ओळखता आला असता. दहातले चार-पाच नापास झाले असते तर भाव ६५० वरून साडेतीनशेच्या आसपास मागता आला असता, किंवा हवे तेवढेच नग निवडून घेता आले असते. बिलावर नगांची संख्या आणि वर्णन लिहून घ्यायला हवे होते.

रंग सर्वात शेवटी, झाकण बंद करून. खरे तर रंगाची गरजच नव्हती. ज्याला पेट्रोल भरायचे आहे तो ओरखडे पाहून घाबरत नाही, उलट जुना पत्रा त्याला स्वतः तपासता येतो.

हंगाम चुकू द्यायला हवा होता. जुलैत १४० विकायला ठेवण्याऐवजी तपासलेले वीस विकले असते तर नदीच्या मुखावरची ती होडी बंद पडली नसती.

आणि प्रत्येक विक्रीला बिल आणि फोन नंबर. परत न आलेल्या नऊ कॅनसाठी दुकानदाराने दुकानात आणि शापोऱ्याच्या धक्क्यावर मराठी-कोकणीत चिठ्ठी लावली आहे: हिरवा कॅन, जुलैमध्ये घेतलेला, आणा आणि पूर्ण पैसे घेऊन जा. अजून एकही आलेला नाही. चिठ्ठी पावसाने भिजली की तो नवी लावतो.